स्वल्प स्पॅनिश

'खासबाग' म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे लाल माती, लंगोट कसलेले मल्ल आणि शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान उभं राहतं. बेळगावकराच्या डोळ्यांपुढे उभा राहतो रविवारचा बाजार: पिशव्या, कोथिंबिरीच्या पेंढ्या आणि वाटेत आडवी आलेली दुचाकी. दोन्ही गावांत अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, मधे निपाणी, शब्द तोच. पण एका खासबागेत माणूस पाडतात आणि दुसरीत भाव.

बेळगावच्या खासबागेत याचं कुणाला नवल वाटत नाही. खासबाग, वडगाव, शहापूर हा सगळा विणकरांचा पट्टा. घरात मराठी, मागावर कन्नड, चौकात दखनी, चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलं की कोकणी, आणि पोराच्या शाळेत इंग्रजी. एकाच गोष्टीला चार नावं असणं आणि एकाच नावाच्या चार गोष्टी असणं हा इथला रोजचा व्यवहार आहे. त्यामुळे इथली पोरं स्पॅनिश शिकायला लागली तेव्हा त्यांची जी फजिती झाली, ती इतर गावांतल्या पोरांपेक्षा थोडी कमी झाली, असं मानायला जागा आहे.

स्पॅनिश शिकायची कारणं काही फार उदात्त नसतात. कुणी 'मनी हाइस्ट' ही स्पॅनिश मालिका बघून लाल जंपसूट आणि दालीचा मुखवटा मागवलेला असतो. कुणी मेस्सीचा भक्त असतो. कुणाला पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीत परदेशी भाषेचे जास्त पैसे मिळतात असं मावसभावानं सांगितलेलं असतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, दिल्लीत २००९पासून स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्वान्तेस आहे. पण खासबागेतून दोन्ही लांब. म्हणून मग मोबाइलवरचं हिरवं घुबड. ड्युओलिंगो नावाचं ते घुबड रोज रात्री 'आज धडा राहिला' अशी आठवण करून देतं आणि घरच्यांना वाटतं, पोराला कुणीतरी मेसेज करतंय.

सुरुवात तर झकास होते. इंग्रजांची जीभ जिथे अडखळते तो दंत्य 'त' आणि 'द' आपल्या तोंडात जन्मापासून बसलेला. व्याकरणाचं तर विचारूच नका. 'मे गुस्तान लोस मांगोस' हे वाक्य इंग्रजीतून समजावून घेताना लोक वह्या फाडतात, कारण त्यात आवडणारा माणूस कर्ता नसतो, आंबे कर्ता असतात आणि क्रियापद आंब्यांच्या मागे जातं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला कुणी गेलं, तर तो सांगणाऱ्याकडेच कीव केल्यासारखं बघेल. मला आंबे आवडतात. आंबा एक असला की आवडतो, अनेक असले की आवडतात. यात अवघड काय? कन्नडमध्येही 'ननगे'च, म्हणजे 'मला'च. खासबागेतल्या पोराला हा धडा दोन भाषांतून आधीच पाठ असतो.

लिंगाचं म्हणाल तर तिथेही बचतच. मराठीत तीन लिंगं, स्पॅनिशमध्ये दोन. एक तृतीयांश त्रास वाचला. शिवाय बेळगावात लिंग या विषयाचं वातावरण पहिल्यापासून मोकळं आहे. कन्नडमध्ये खुर्ची, दार, चमचा अशा निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, त्यामुळे कन्नड मातृभाषेचा माणूस मराठी बोलायला लागला की वस्तूचं लिंग त्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर ठरतं. पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत'मधल्या 'रावसाहेबां'ना अजरामर केलं त्यात या मराठीचा वाटा मोठा आहे. आणि बेळगाव-कोल्हापूरकडची मुलगी 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणते तेव्हा पुण्याचा पाहुणा दचकून इकडे तिकडे बघतो. इथे कुणी मान वर करत नाही.

तर असा मोकळा विद्यार्थी स्पॅनिशच्या संगणकापाशी येतो. स्पेनमध्ये संगणक पुल्लिंगी, 'एल ओर्देनादोर'. मेक्सिकोत तोच स्त्रीलिंगी, 'ला कोम्पुतादोरा'. कोलंबियात परत पुल्लिंगी, पण नाव 'एल कोम्पुतादोर'. रेडिओ स्पेनमध्ये बाई, मेक्सिकोत बुवा. 'सार्तेन' म्हणजे कढईवजा तवा. तो स्पेनमध्ये स्त्री आणि लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत पुरुष, भाजी मात्र दोन्हीकडे लागतेच. पुण्यातला विद्यार्थी इथे शिक्षकाला विचारतो, "पण यातलं बरोबर कुठलं?" खासबागेतला विद्यार्थी असलं काही विचारत नाही. तो एवढंच विचारतो, "जायचं कुठल्या गावाला?"

खरी मौज संबोधनांत आहे. एका माणसाला 'तू' किंवा 'उस्तेद', म्हणजे आपले तू आणि तुम्ही, इथवर ठीक. अनेक माणसांना स्पेनमध्ये जवळिकीनं 'वोसोत्रोस', लॅटिन अमेरिकेत कुणालाही 'उस्तेदेस'. घुबड 'वोसोत्रोस' शिकवायच्या भानगडीत पडतच नाही, त्यामुळे त्याच्याकडे शिकलेला माणूस माद्रिदला चार मित्रांशी बोलला तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या शिष्टमंडळाशी बोलल्यासारखा वाटतो. 'उस्तेद' आला आहे 'वुएस्त्रा मेर्सेद' या दरबारी संबोधनातून, म्हणजे साधारण 'आपली कृपा'. झिजत झिजत तो सरकारी कचेरीत, किराणा दुकानात आणि शेवटी स्वयंपाकघरात पोचला. कोलंबियात बोगोटाकडे भाऊ भावाला आणि नवरा बायकोला 'उस्तेद' म्हणतो. कोस्टा रिकात तर घरच्या कुत्र्यालाही 'उस्तेद' म्हणणारे आहेत. धारवाडी कन्नडमध्ये प्रत्येक क्रियापदाला 'री' लावायची सवय असलेल्या माणसाला हे पटकन समजतं: 'बर्री' (या), 'होग्री' (जा), 'कुंदर्री' (बसा). आदर शेपटीसारखा मागून येतच राहतो, कधीकधी भांडतानाही.

आणि मग येतो 'वोस'. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेतला मोठा भाग 'तू' वापरत नाही, 'वोस' वापरतो आणि क्रियापदाचा आघातही हलवतो. पुस्तकात हा प्रकार तळटीपेत असतो. ९ डिसेंबर २०२२च्या रात्री तो तळटीपेतून थेट बेळगावच्या मोबाइलांवर आला. फुटबॉल विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिनानं नेदरलँड्सला पेनल्टींवर हरवलं होतं, मेस्सी मुलाखत द्यायला उभा होता आणि तेवढ्यात त्याला डच खेळाडू वाउट वेगहोर्स्ट दिसला. मुलाखत अर्धवट सोडून मेस्सी म्हणाला, "के मिरास, बोबो? आन्दा पा'या." पुस्तकातल्या स्पॅनिशप्रमाणे हे 'मीरास' हवं, आघात पहिल्या अक्षरावर; मेस्सीनं दुसऱ्यावर दिला. 'आन्दा'चंही तेच. थोडक्यात, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध स्पॅनिश भाषकानं सगळ्या जगासमोर पाठ्यपुस्तक नापास केलं.

प्रमाण मराठीत याचा अर्थ सांगायचा तर 'काय बघतोस, मूर्खा? तिकडे जा' असा होईल आणि त्यातली सगळी हवा निघून जाईल. खासबागेच्या मराठीत मात्र ती जशीच्या तशी राहते: "काय बघालायस रे येड्या? जा की तिकडं!"

एक गोष्ट कबूल करायला हवी. पुस्तकी भाषा वेगळी आणि गल्लीतली वेगळी, हे बेळगावच्या मराठी पोराला स्पॅनिशनं शिकवलेलं नाही, कन्नडनं शिकवलं. शाळेच्या पुस्तकात 'एनु माडुत्तिद्दीरी?' (काय करताय?) असं असतं. ते तो इमानदारीनं पाठ करतो. बाहेर पडल्यावर दुकानदार विचारतो, 'एन माडाकत्तीरी?' हे पुस्तकात कुठेच नसतं. तो हे शिकतो, पक्कं करतो आणि नोकरीसाठी बेंगळुरूला जातो. तिथे लोक म्हणतात, 'एन माड्ता इद्दीरा?' त्याचं 'माडाकत्तीरी' ऐकून बेंगळुरूकर हसून विचारतो, "हुबळीचे का?" वास्तविक गडी बेळगावचा, त्यात मराठी. तरीही त्याला आतून थोडं बरं वाटतं, की चला, निदान कन्नड म्हणून तरी ओळखलं.

रविवारचा बाजार हा तर स्पॅनिशचा वर्ग भरवायला काढलेलीच जागा आहे. तिथल्या पाट्यांतला निम्मा माल मूळचा अमेरिका खंडातला: मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, रताळं, भुईमूग, पेरू, पपई, सीताफळ. पोर्तुगिजांच्या आणि स्पॅनिशांच्या जहाजांतून हे सगळं जगभर फिरलं. म्हणजे खासबागेतली मावशी पाटीत जे मांडून बसते त्याचं माहेर मेक्सिको ते पेरू. त्या माहेरी याच मालाला काय म्हणतात, हे विचारलं की पंचाईत सुरू होते.

बटाटा घ्या. स्पेनमध्ये 'पाताता', सगळ्या लॅटिन अमेरिकेत 'पापा'. मराठी माणूस म्हणेल, आमचा शब्द पोर्तुगीज, म्हणजे स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीचा, तोच ठोकून देऊ. आता हा शहाणा ब्वेनोस आइरेसच्या मंडईत 'बटाटा' मागेल तर त्याच्या पिशवीत रताळं पडेल, कारण तिथे 'बाताता' म्हणजे रताळं. मेक्सिकोत रताळं म्हणजे 'कामोते', क्यूबात 'बोनियातो'. पेरूची कथा आणखी वेगळी: पेरू देशात पेरूला 'ग्वायाबा' म्हणतात. मक्याचं कणीस मेक्सिकोत 'एलोते', चिलीत 'चोक्लो', व्हेनेझुएलात 'होहोतो'. टोमॅटो मेक्सिको शहरात मागायचा तर 'हितोमाते' म्हणायचं. नुसतं 'तोमाते' म्हटलं तर आंबट हिरवं, कागदी साल असलेलं वेगळंच फळ हातात येईल. पपईचं नाव हवानात चारचौघांत मोठ्यानं घेऊ नये. तिथे 'फ्रुता बोम्बा' म्हणतात आणि का ते विचारायचं नसतं.

हे ऐकून हसणाऱ्या पुणेकरानं खासबागेत येऊन 'सिमला मिरची' मागून बघावी. मिळेल, पण मावशी आधी निरखून बघेल आणि मग म्हणेल, "ढब्बू मिरची व्हय?"

उसाच्या रसाच्या गाड्यावर ग्लासात जी नळी देतात, तिच्यावर तर एखाद्यानं प्रबंध लिहावा. स्पेनमध्ये ती 'पाखीता', मेक्सिकोत 'पोपोते', कोलंबियात 'पितीयो', पनामात 'कारीसो', डोमिनिकन प्रजासत्ताकात 'कालीमेते', पेरूत 'कान्यीता', चिलीत 'बोंबीया'. चिलीचा शब्द घेऊन स्पेनमध्ये गेलात तर रसाबरोबर विजेचा दिवा मिळेल, कारण स्पेनमध्ये 'बोंबीया' म्हणजे बल्ब. दोन रुपयांची वस्तू, पण एकेका देशानं तिच्यासाठी स्वतंत्र शब्द राखून ठेवलाय. प्रेम, मृत्यू, देव यांना सगळीकडे एकच शब्द चालतो.

बस पकडणं हा आणखी नाजूक विषय. स्पेनमध्ये 'पकडणे' या अर्थी 'कोखेर' हे अगदी सोज्वळ क्रियापद. शाळेतली मुलं वापरतात, आज्या वापरतात. तेच मेक्सिको आणि अर्जेंटिनात असं काही सुचवतं, की बस स्टँडवरचे लोक सामानासकट चार पावलं मागे सरतील. खुद्द बसला मेक्सिकोत 'कामियोन' म्हणतात, ब्वेनोस आइरेसमध्ये 'कोलेक्तीवो' आणि क्यूबात 'ग्वाग्वा'. चिलीत मात्र 'ग्वाग्वा' म्हणजे तान्हं मूल. तेव्हा क्यूबाचा माणूस सँटियागोत 'सकाळी साडेआठची ग्वाग्वा पकडायची' म्हणाला, तर चिलीकर पोलिसांना बोलावणार नाही याची खात्री कुणी द्यावी?

उच्चारांचीही अशीच वाटणी. स्पेनच्या मोठ्या भागात 'ग्राथियास', बाकी सगळीकडे 'ग्रासियास'. कुठल्याशा राजाला बोबडं बोलायची खोड होती आणि दरबारानं त्याची नक्कल केली, ही गोष्ट प्रत्येक स्पॅनिश वर्गात कुणीतरी सांगतोच. ती थाप आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पेनमध्येच हे जुने ध्वनी दोन वाटांनी गेले. सेव्हिलकडच्या दक्षिणेनं 'स' धरला आणि अमेरिकेला जाणारी जहाजं सेव्हिलमधूनच सुटत होती. त्यामुळे लॅटिन अमेरिकेत 'शिजवणं' आणि 'शिवणं' या दोन्हींना 'कोसेर' म्हणायची वेळ आली. विणकरांच्या गल्लीत याचे परिणाम काय होतील, ते सांगायला नको.

या सगळ्या गोंधळावर लक्ष ठेवायला माद्रिदमध्ये १७१३पासून रॉयल अकादमी आहे. तीन शतकं ती कोश काढते आहे आणि तीन शतकं लोक तिला विचारल्याशिवाय बोलत आहेत. १९५१ साली मेक्सिकोत स्पॅनिश भाषक देशांच्या अकादम्यांची संघटना झाली, तेव्हापासून निदान कोशात तरी सगळ्यांची नावं शेजारी शेजारी नांदतात. भाषेला स्पॅनिश म्हणायचं की कास्तेयानो, यावरही वाद आहेच. स्पेनच्या १९७८च्या राज्यघटनेत 'कास्तेयानो' आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदांवर बेळगावचं 'बेळगावी' झालं ते आठवून इथले लोक त्या वादावर बोलायचं टाळतात. नावाच्या वादाला इथे आणखी शाखा काढायची गरज नाही.

पडद्यावर हा वाद जास्त रंगतो. आल्फोन्सो क्वारोन यांचा 'रोमा' हा मेक्सिकन चित्रपट २०१८ साली आला. स्पेनमध्ये नेटफ्लिक्सनं त्यातल्या स्पॅनिश संवादांना स्पॅनिश सबटायटलं दिली. म्हणजे मेक्सिकोची स्पॅनिश स्पेनच्या स्पॅनिशमध्ये फिरवून. पात्र 'मामा' म्हणतंय आणि खाली 'माद्रे' लिहून येतंय. 'गान्सीतो' या मेक्सिकोतल्या प्रसिद्ध केकचं खाली 'गान्चीतोस' झालं, म्हणजे स्पेनमधले चीजचे कुरकुरे. क्वारोन भडकले, त्यांनी हा अडाणीपणा आणि अपमान असल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि नेटफ्लिक्सनं ती सबटायटलं काढून टाकली. बेळगावच्या मराठीत कुणी चित्रपट काढला आणि सदाशिव पेठेत त्याला प्रमाण मराठीची सबटायटलं दिली, तर काय होईल, याची कल्पना करून बघावी. बेळगावात मोर्चा निघेल आणि सदाशिव पेठेतून सबटायटलांतल्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल पत्र येईल.

उलट बाजूचं उदाहरण 'नार्कोस' या मालिकेचं. कोलंबियातल्या मेदेयीनचा तस्कर पाब्लो एस्कोबार याची भूमिका केली ब्राझीलच्या वाग्नेर मौरा यांनी. मातृभाषा पोर्तुगीज, स्पॅनिश शिकले भूमिकेसाठी. जग त्यांच्या अभिनयावर खूश झालं आणि कोलंबियातले लोक उच्चार ऐकून कपाळाला हात लावून बसले. मराठी मालिकेत मुंबईचा नट दर तिसऱ्या वाक्यात 'लई भारी' घालून रांगडा होतो, तेव्हा निपाणीपासून कागलपर्यंत जो हात कपाळाला लागतो, तोच हा.

या भाषेच्या वाटेनं आपल्यातला एक माणूस फार आधी आणि फार लांब गेला होता. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवायला लागले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या, मक्याच्या नव्या वाणांवर काम केलं. दिएगो रिव्हेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं, तीना मोदोत्तीनं त्यांच्या मक्याची छायाचित्रं काढली आणि २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसला. मेक्सिकोच्या शेतकऱ्याला मेक्सिकोच्याच मक्याबद्दल त्याच्याच भाषेत एका वऱ्हाडाकडच्या माणसानं सांगावं, ही साधी गोष्ट नव्हे. हिरवं घुबड तेव्हा नव्हतं. समोर शेतकरी होते, आणि ते चुकलेलं तिथल्या तिथे सांगतात.

त्याच मेक्सिकोत आईनं हाक मारली की वळण लावलेलं पोर 'काय?' म्हणत नाही. 'मांदे?' म्हणतं, म्हणजे 'आज्ञा करा'. स्पेनच्या लोकांना हे फार लाचार वाटतं. बेळगावच्या माणसाला ऐकून भूक लागते. इथे मांडे लग्नाच्या पंक्तीत वाढतात. आणि मेक्सिकन माणूस एखादं काम 'आओरीता', म्हणजे आत्ताच्या आत्ता, करतो म्हणाला तर ते पाच मिनिटांत होईल, संध्याकाळी होईल किंवा होणारच नाही. पोर्तो रिकोत तर 'आओरीता' म्हणजे 'नंतर'. हा शब्द खासबागेत कुणालाही शिकवावा लागत नाही. साडी कधी मिळेल असं विणकराला विचारल्यावर जे 'आत्ता देतो की' ऐकू येतं, ते हेच.

आता परीक्षेची गोष्ट. स्पॅनिशच्या दोन मोठ्या परीक्षा. 'देले' स्पेनची, 'सिएले' २०१६ साली निघाली आणि तिच्या मागे इन्स्तितुतो सेर्वान्तेसबरोबर सालामांका, मेक्सिको आणि ब्वेनोस आइरेसची विद्यापीठं आहेत. दोन्हींत ऐकण्याच्या प्रश्नांना आवाज वेगवेगळ्या देशांतले येतात. हा भाग खासबागेतल्या पोराला अजिबात जड जात नाही. तीन गल्ल्यांमधून दूध आणायला जाताना यापेक्षा अवघड परीक्षा होते. लिहिण्या-बोलण्यातही परीक्षक उदार आहेत. स्पेनची पद्धत चालते, मेक्सिकोची चालते, अर्जेंटिनाचा 'वोस'ही चालतो. अट एकच: जी धराल ती शेवटपर्यंत धरा, मधेच सरमिसळ नको.

नेमकी तीच अट या पोराला झेपत नाही. सकाळी याच तोंडानं तो बाजारात अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये भाव करून आलेला असतो: "मावशी, एवढं म्हाग लावालायसा व्हय? स्वल्प कडिमि माडरी की!"